परतलेल्यांची नावे कोठे कोरली आहेत?

लंडनच्या पश्चिमेस ईलिंग नावाचे उपनगर आहे. आमच्या बेटावरील कित्येक घरांतील मुले-नातवंडे विलायतेत स्थायिक झालेली असल्याने हे नाव वाचकांस अगदीच परके वाटणार नाही. तेथे वॉलपोल पार्क या बागेच्या तोंडाशी पिट्झँगर मॅनर ही जुनी वास्तू उभी आहे. जॉन सोन या नामांकित वास्तुशिल्पीने १८०० साली ती जागा विकत घेऊन स्वतःसाठी हे घर बांधले. विसाव्या शतकाच्या आरंभी ते नगरपालिकेच्या ताब्यात आले आणि तेव्हापासून १९८० च्या दशकापर्यंत तेथे ईलिंगचे सार्वजनिक ग्रंथालय होते. १९२१ साली याच घराच्या प्रवेशद्वाराशी पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या स्थानिक जवानांचे स्मारक उभारण्यात आले. त्याची रचना लिओनार्ड शफ्री यांनी केली. दाराच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर नावांच्या ओळीच्या ओळी कोरलेल्या आहेत.

म्हणजे साठ वर्षे ईलिंगचे जे मूल गोष्टीचे पुस्तक घ्यावयास ग्रंथालयात जाई, ते आधी या नावांच्या मधून जाई. आमच्या मनात एक प्रश्न येतो. दगडावर नाव लागते ते न परतलेल्याचे. जो परतला, ज्याने बूट काढून दाराशी ठेवले आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर जायला सुरुवात केली, त्याची नोंद कोठे आहे? सरकारदरबारी त्याच्या पेन्शनचा कागद असेल. पण तो रात्री दचकून का उठतो, भाताच्या ताटावरून मुकाट्याने का उठून जातो, याची नोंद कोणत्याही भिंतीवर नाही. ती नोंद त्या दारातून आत गेल्यावर, पुस्तकांच्या कपाटात सापडते. म्हणून आज आम्ही किशोरवयीन मुलांनी वाचावयाच्या, युद्धावरून घरी परतलेल्या सैनिकांच्या कादंबऱ्यांविषयी लिहीत आहोत.

युद्धाच्या गोष्टी मुलांना नव्या नाहीत. तलवारी, घोडे, तोफा आणि शेवटी विजयाचा नगारा, येथे जुन्या गोष्टी थांबत. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत मात्र इंग्रजीत किशोरांसाठी वेगळी युद्धकथा लिहिली जाऊ लागली. 'वॉर हॉर्स' (१९८२) लिहिणारे मायकेल मोर्पर्गो हे मूळचे शिक्षक. डेव्हन परगण्यातील खेड्यात राहावयास गेल्यावर त्यांना पहिल्या महायुद्धात लढलेली म्हातारी माणसे भेटली आणि त्यांच्या बोलण्यातून या पुस्तकाची कल्पना सुचली. साठ-पासष्ट वर्षे उलटल्यावर ते म्हातारे बोलते झाले, तेही गावात नव्याने आलेल्या एका शिक्षकाजवळ, ही गोष्ट आम्हां शिक्षकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

अमेरिकन लेखिका लॉरी हॉल्स अँडरसन यांची 'द इम्पॉसिबल नाइफ ऑफ मेमरी' (२०१४) ही कादंबरी याहून पुढे जाते. तिच्यात रणांगण जवळजवळ नाहीच. हेली नावाची सतरा वर्षांची मुलगी आणि इराकच्या लढाईवरून आलेला तिचा बाप, एवढाच संसार. बाप प्रेमळ आहे, पण त्याला स्वप्ने छळतात, तो दारू पितो, कोणत्याही नोकरीत टिकत नाही. शाळेतून घरी आल्यावर आज बापाची तब्येत कशी आहे याचा अंदाज मुलगी दारातूनच घेते. मूलच बापाचे पालक बनून बसते. लेखिकेचे स्वतःचे वडील दुसऱ्या महायुद्धातून परतलेले होते, त्यामुळे पुस्तकातला घरचा भाग ऐकीव वाटत नाही.

या दुखण्याला नाव मिळायलाही पुष्कळ काळ लागला. १९१५ साली चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात 'शेल शॉक' हा शब्द छापला. त्यानंतर तब्बल ६५ वर्षांनी, १९८० साली, अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांनी 'पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर' या नावाने ते आपल्या अधिकृत यादीत घातले. मधल्या काळात घराघरांतून त्याला दुसरीच नावे होती. कोणी त्याला चिडखोर म्हटले, कोणी आळशी, कोणी दारूडा. मुले तीच नावे ऐकत मोठी झाली आणि पुष्कळांनी मनात असेही धरले की बाबा आपल्यामुळेच रागावतात. आम्हांला या कादंबऱ्यांचा सर्वांत मोठा उपयोग येथे दिसतो. 'हा राग तुझ्यामुळे नाही' हे मुलाला समोर बसवून सांगणे कठीण असते. गोष्ट ते न सांगता सांगते.

आता पुन्हा ईलिंगला जाऊ. नेव्हिल शूट हे प्रसिद्ध कादंबरीकार १८९९ साली ईलिंगमध्येच जन्मले. त्यांचा मोठा भाऊ फ्रेड १९१५ साली फ्रान्समध्ये युद्धात जखमी होऊन वारला. शूट स्वतः १९१८ साली साधे शिपाई म्हणून सैन्यात दाखल झाले. त्यांची 'रिक्विएम फॉर अ रेन' (१९५५) ही कादंबरी मुद्दाम किशोरांसाठी लिहिलेली नाही, पण वरच्या वर्गातील मुलामुलींना ती सहज झेपेल. 'रेन' म्हणजे ब्रिटिश आरमारातील स्त्री-सैनिक. ॲलन डंकन हा दोन्ही पावले गमावलेला वैमानिक ऑस्ट्रेलियातील आपल्या घरी परततो. घरी पोचतो तो कळते की घरात कामाला असलेल्या एका तरुण स्त्रीने नुकताच आपल्या आयुष्याचा शेवट केला आहे. तिचे सामान तपासताना त्याला उमगते की ही जॅनेट, युद्धात मेलेल्या आपल्या भावाची प्रेयसी, नाव बदलून येथे राहिली होती. युद्धात तिने एक शत्रूचे विमान पाडले होते, आणि त्यातील माणसे बहुधा शरण येत होती हे तिला मागाहून कळले होते. तो भार तिला पेलला नाही. पावले गेलेल्याची जखम सर्वांना दिसते, मनावर ओझे घेऊन आलेलीची कोणालाच दिसत नाही. शिवाय युद्धावरून पुरुषच परततात असे नव्हे, हेही या पुस्तकाने पुष्कळ आधी सांगून ठेवले.

ईलिंगची आणखी एक ओळख आहे आणि तिचा धागा थेट महाराष्ट्रात येऊन पोचतो. ईलिंगमध्ये पोलिश लोकांची मोठी वस्ती आहे. त्यांची दुकाने आहेत, विंडसर रोडवर त्यांचे चर्च आहे. त्यांतील पुष्कळजण पोलंड युरोपीय संघात आल्यानंतर, म्हणजे २००४ नंतर, आले हे खरे. पण पश्चिम लंडनमधील पोलिश वस्तीचा पाया दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांनी घातला.

१९३९ साली पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने स्वारी केली. पूर्व भागातील असंख्य कुटुंबे रशियनांनी उचलून सायबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकली. १९४१ साली जर्मनीने रशियावरच हल्ला केला तेव्हा त्यांची सुटका झाली. जनरल आंडर्स यांनी त्या माणसांतून सैन्य उभे केले आणि १९४२ साली ते इराणात उतरले. पुरुष लढाईवर गेले. बायकामुलांना ठेवायचे कोठे? काहींना आफ्रिकेत जागा मिळाली, काहींना हिंदुस्थानात. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश माणसांची छावणी होती. तेथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते. पंचगंगेच्या मुलुखात, मराठी बोलणाऱ्या दुकानदारांकडून भाजी घेत, ही मुले आपल्या बापाच्या पत्राची वाट पाहत लहानाची मोठी झाली.

तिकडे इटलीत १८ मे १९४४ रोजी याच पोलिश सैन्याने मॉन्टे कॅसिनोच्या मठावर आपले निशाण चढविले. पण युद्ध जिंकूनही त्यांना घर मिळाले नाही. त्यांची गावे रशियाच्या हद्दीत गेली आणि उरलेल्या पोलंडमध्ये जी सत्ता आली तिच्या हाती जाण्याची त्यांना भीती वाटत होती. ब्रिटनने १९४७ साली कायदा करून त्यांना आपल्या देशात राहण्याची सोय केली. मग वळिवड्याहून, ज्यांचे बाप वा भाऊ सैन्यात होते अशी कुटुंबे आगबोटीने विलायतेला गेली. जी मुले पाच-सहा वर्षांची असताना बापापासून तुटली, ती बारा-तेरा वर्षांची होऊन त्याच्यासमोर उभी राहिली. परतणारा बाप आणि वाट पाहणारे मूल दोघेही परक्या देशात, परक्या भाषेत भेटले. जनरल आंडर्स स्वतः शेवटपर्यंत लंडनमध्येच राहिले. १९७० साली ते वारले आणि त्यांना मॉन्टे कॅसिनोला, आपल्या सैनिकांशेजारी पुरण्यात आले.

या लोकांचे दुःख समजून घ्यावयाचे तर मुलांच्या हाती 'द सिल्व्हर स्वोर्ड' (१९५६) द्यावे. लेखक इयन सेरायये हेही शाळामास्तर. कथेतील जोसेफ बालिकी हा सैनिक नव्हे, तोही वॉर्सातील एका प्राथमिक शाळेचा मुख्याध्यापक. वर्गातील हिटलरची तसबीर भिंतीकडे फिरविली म्हणून तो कैदेत पडतो. छावणीतून पळून तो घरी येतो तो घराच्या जागी दगडमातीचा ढीग. मुले बेपत्ता. ढिगाऱ्यात त्याला चांदीची एक लहानशी तलवार सापडते. ती पाकिटे फोडायची सुरी असते. ती तो यान नावाच्या एका अनाथ पोराला देतो. पुढे रूथ, एडेक, ब्रोन्या आणि यान आईबापांच्या शोधात अर्धा युरोप तुडवितात. शेवटी ती भेटतात, पण पोलंडमध्ये नव्हे, स्वित्झर्लंडमध्ये. कुटुंब जुळले म्हणून यानची चोरीची सवय एका दिवसात सुटत नाही, आणि एडेकची छाती एका दिवसात बरी होत नाही. ज्या मास्तराने हे लिहिले त्याला मुले ठाऊक होती.

आता आम्ही मराठी माणसांनी स्वतःला विचारावे: आमच्या मुलांच्या पुस्तकांत परतलेला सैनिक कोठे आहे? पाचव्या मराठा पलटणीच्या दोन वीरांना दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तेथेच पडले. माणगावला त्यांचा पुतळा आहे आणि कॅसिनोच्या स्मारकावर त्यांचे नाव आहे. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीवर दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप आणले, शत्रूची तीन मशीनगन ठाणी एकट्याने बंद पाडली आणि बांधावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना करीत मागच्यांना पुढे बोलाविले. वय अवघे २३. ते घरी परतले आणि १९८४ पर्यंत जगले. त्या एका दिवसाची हकिकत लिहिलेली आहे. त्यानंतरची ३९ वर्षे मुलांना कोणी सांगितली? सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाला लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान पडले. त्यांचा स्तंभ आहे, आणि असावाच. पण त्याच गावात परत आलेलेही असतील. त्यांच्या पुढच्या आयुष्याची कादंबरी एखाद्या मराठी मुलाच्या दप्तरात असायला हवी.

एक परतलेला सैनिक मात्र आमच्या बालवाङ्मयात आहे, फक्त आम्ही त्याच्याकडे त्या दृष्टीने पाहत नाही. सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत शिक्षक होते. पेन्शन घेऊन ते आधी कोकणात दापोलीस आणि मग साताऱ्यास राहिले. त्यांचा मुलगा भीमराव साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या तरटावर वेगळा बसे; शिपायाने वरून ओतल्याशिवाय त्याला पाणी मिळत नसे. १९०१ साली ही मुले वडिलांना भेटावयास रेल्वेने मसूरला उतरली, तेव्हा त्यांची जात कळताच कोणी गाडीवान त्यांना नेईना. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात हा प्रसंग सर्वांनी वाचला आहे. पण ही एका सैनिकाच्या मुलांची गोष्ट आहे. ज्याने वर्षानुवर्षे सरकारची चाकरी केली, त्याच्या लेकरांना त्याच्याच मुलुखात पाणी नाकारले गेले. सैनिकाला घरी घेणे हे नुसते त्याच्या बायकोमुलांचे काम नसते. गावालाही ते करावे लागते.

आमच्या बेटाची कथाही याहून निराळी नाही. १९१७ साली मॉरिशसची मजूर पलटण मेसोपोटेमियात गेली, त्याच मुलुखात, जेथे आदल्या वर्षी कूट येथे पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधील मराठा पलटणी शत्रूच्या हाती सापडल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात पायोनियर कोअरच्या कंपन्यांतून आमची माणसे इजिप्त, लिबिया आणि इटलीपर्यंत पोचली. मॉरिशस रेजिमेंटची पहिली बटालियन डिसेंबर १९४३ मध्ये मादागास्करला दिएगो-सुआरेझ येथे उतरली. तेथे शिपायांनी हुकूम मानण्याचे नाकारले, त्यांची शस्त्रे काढून घेण्यात आली, पुष्कळांना शिक्षा झाल्या आणि पुढल्या वर्षी बटालियनच मोडली. क्युरपिपला रॉयल कॉलेजासमोर पहिल्या महायुद्धाचे स्मारक आहे. पण असा हुकूम मोडून, मान खाली घालून घरी आलेल्याने कोणत्या स्मारकासमोर उभे राहावे? त्याने गप्प बसणे पसंत केले, यात नवल ते काय! ऊस तोडायला, गोदीत ओझी वाहायला तो गेला आणि घरात त्याचा खाकी फोटो तेवढा भिंतीवर राहिला.

ते आजे आता राहिले नाहीत. त्यांची मुले आज सत्तरीच्या, ऐंशीच्या घरात आहेत. आजा अंधारात एकटाच का बसे, फटाके उडाले की कोठे जाऊन लपे, हे पाहिलेली ही शेवटची पिढी. ती गेली की फोटोतल्या माणसाचे नावही कोणाला सांगता येणार नाही.

म्हणून आमचे शिक्षकबंधू, भगिनी आणि पालक यांना काही सुचवावेसे वाटते. बारा वर्षांच्या आतील मुलांस 'द सिल्व्हर स्वोर्ड' किंवा 'वॉर हॉर्स' द्यावे. अँडरसन आणि शूट यांची पुस्तके पंधरा-सोळाव्या वर्षी, आणि तीही मोठ्यांनी आधी स्वतः वाचून. वाचून झाल्यावर लढाई कोणी जिंकली हे विचारू नये. गोष्ट कोण सांगत आहे, परतलेल्या माणसाविषयी घरातील कोणाला सर्वांत आधी कळले, आणि शेवटच्या पानानंतर त्या घरात दुसऱ्या दिवशी काय झाले असेल, एवढे तीन प्रश्न पुरेत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मराठीत लिहावयास सांगावे. पुस्तक इंग्रजीत असले तरी घरातील दुःखाविषयी आपल्या भाषेत चार ओळी लिहिता येणे हे भाषेचे खरे शिक्षण होय.

मात्र एक पथ्य पाळावे. एखाद्या मुलाच्या घरी आजही दारू असेल, मारहाण असेल, तर भर वर्गात त्याला 'तुझ्या घरी असे होते का?' असे विचारू नये. गोष्टीचा आडोसा त्याला राहू द्यावा. तो मधल्या सुट्टीत आपणहून जवळ आला, तर हातातले काम बाजूस ठेवून त्याचे ऐकावे, आणि मदतीची गरज दिसली तर ती मिळेपर्यंत त्याचा पाठपुरावा करावा.

ईलिंगमध्ये किंवा लंडनमध्ये अन्यत्र राहणाऱ्या आमच्या लेकरांनाही हेच सांगणे आहे. शेजारच्या पोलिश आजीला वळिवडे हे नाव एकदा विचारून पाहावे. कोण जाणे, ती कोल्हापूरची आठवण काढील. आणि इकडे ज्या घरांत तसा खाकी फोटो आहे, त्यांनी येत्या रविवारी तो भिंतीवरून काढावा, घरातील सर्वांत वडील माणसाजवळ बसावे आणि फोटोच्या मागे लिहावे: नाव, कंपनी, कोणत्या बंदरात उतरला, केव्हा परतला, आणि परतल्यावर कसा होता. शेवटच्या प्रश्नाला वेळ लागेल. चहा मांडावा आणि थांबावे. जे मिळेल ते मुलांनी आपल्या बैठकीत वाचून दाखवावे.